महिन्याच्या पहिल्या रविवारी पडणारा सर्व्हर: तक्रार फाइलसिस्टीमची, दुखणं कंट्रोलरचं

सोमवारी सकाळी कार्यालय उघडावं, तर सर्व्हर पिंगला (‘जागा आहेस का’ या नेटवर्कवरच्या हाकेला) उत्तर देतोय आणि लॉगिन मात्र होत नाही. एसएसएचची, म्हणजे दुरून लॉगिन करायची, जोडणी लागते आणि अर्ध्यावर तुटते. मॉनिटर लावून पाहिला तर पडदाभर एक्सएफएस आणि एक्स्ट४ या फाइलसिस्टीमच्या (डिस्कवर फाइल्स मांडणाऱ्या व्यवस्थांच्या) तक्रारी. बटण दाबून बंद-चालू केला की सगळं सुरळीत. लॉगमध्ये शोधलं तर काहीच नाही, कुठल्याशा मिनिटाला ओळी थांबतात आणि पुढची ओळ थेट सोमवारची.

सोलापुरातल्या एका कार्यालयाचा हा सर्व्हर मी सांभाळतो. हा प्रकार मार्चमध्ये झाला, एप्रिलमध्ये झाला, मेमध्येही झाला. त्यांतल्या पहिल्या दोन वेळा मी चुकीच्या जागी हात घातला आणि मार्चमध्ये तर त्यापायी लोकांच्या काही फाइल्स गेल्या. असाच त्रास तुम्हाला होत असेल, तर फाइलसिस्टीम दुरुस्त करण्याचा कोणताही आदेश देण्याआधी हे वाचा, एवढी कळकळीची विनंती.

रचना साधी आहे. टॉवर कॅबिनेट, डेबियन, ८ टीबीच्या आठ डिस्क. त्या एका एसएएस एचबीए कार्डाला, म्हणजे डिस्क जोडायच्या कंट्रोलरला, जोडलेल्या, त्यांवर लिनक्सची स्वतःची सॉफ्टवेअर रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकेल अशी डिस्कची मोट) आणि तिच्यावर एक्सएफएस. सिस्टीमची एसएसडीसुद्धा त्याच कार्डाला लावलेली होती आणि तिच्यावर एक्स्ट४. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण लॉग कोरे का राहत होते त्याचं उत्तर तिथेच आहे. कार्ड गेलं की लॉग लिहायची जागाही गेली. कर्नल (लिनक्सचा गाभा) रॅममध्ये जिवंत असतो, म्हणून पिंग चालू राहतं. त्याला काय झालं ते ठाऊक असतं, पण लिहायला कागद नसतो.

पडद्यावरची ओळ आणि तिचा खरा अर्थ

मार्चमध्ये पडद्यावर एक्सएफएसची ओळ दिसली: लॉग आय/ओ एरर, फाइलसिस्टीम बंद करत आहे, अनमाउंट करून अडचण दूर करा. मी ती शब्दशः घेतली. तक्रार एक्सएफएसची, म्हणजे बिघडलं एक्सएफएस. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, तसं झालं.

फाइलसिस्टीमच्या तक्रारीत बहुधा एक उणे आकडा असतो. तो आधी वाचा. उणे ५ म्हणजे इनपुट-आउटपुट त्रुटी: फाइलसिस्टीमने खालच्या थराकडे काहीतरी मागितलं किंवा लिहायला दिलं आणि खालच्याने नकार दिला. इथे फाइलसिस्टीम फक्त निरोप सांगते आहे. उणे ११७ चा अर्थ वेगळा. खालून डेटा आला, कोणी नाही म्हटलं नाही, पण जे आलं त्याची रचना चुकीची आहे. उणे ७४ म्हणजे चेकसम (डेटा जसाच्या तसा आहे का ते ताडण्याचा आकडा) जुळला नाही. या दोन्हींत खालचा थर मुकाट्याने चुकीचं देतो आहे, किंवा चुकीचं पूर्वीच लिहिलं गेलं आहे, किंवा रॅम खराब आहे. कुठेही आय/ओ त्रुटी नसताना वेगवेगळ्या ठिकाणी उणे ११७ येत असेल तर मी डिस्कच्या आधी रॅम तपासतो. मेमटेस्ट रात्रभर चालवायचा, आणि ईसीसी (स्वतःच्या चुका ओळखणारी) रॅम असेल तर त्या चुका टिपणाऱ्या रासडिमनने काय नोंदवलं आहे ते पाहायचं.

माझ्याकडे तिन्ही वेळा उणे ५ होता. मी तो वाचलाच नव्हता.

दोन फाइलसिस्टीमची वागण्याची तऱ्हाही वेगळी असते. एक्स्ट४ ला त्रुटी आल्यावर काय करायचं ते माउंटच्या पर्यायात सांगता येतं: पुढे चालू ठेव, फक्त वाचण्यापुरती कर, किंवा कर्नल पॅनिक कर. डेबियनच्या इन्स्टॉलरने केलेल्या मूळ विभागाला बहुधा दुसरा पर्याय लागलेला असतो, म्हणून ‘रीड-ओन्ली झाला’ ही तक्रार इतकी ऐकू येते. एक्सएफएसला जर्नलमध्ये (बदल आधी टिपून ठेवायच्या वहीत) लिहिता आलं नाही तर ती सरळ बंद होते आणि त्यानंतर प्रत्येक मागणीला आय/ओ त्रुटी परत करते. हे पाहून घाबरायला होतं. पण अर्धवट काही लिहिण्यापेक्षा ती थांबली, हे तिने बरोबरच केलं.

कोरा लॉग भरायचा कसा

एप्रिलमध्ये पुन्हा पडला तेव्हा मी एका डिस्कच्या स्मार्ट नोंदीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती) चार रीअलोकेटेड, म्हणजे खराब म्हणून बदललेले, सेक्टर पाहिले आणि तीच गुन्हेगार ठरवून बदलली. चार सेक्टर गेल्याने आठच्या आठ डिस्क एकाच क्षणी गायब होत नाहीत, हे तेव्हा सुचायला हवं होतं. पैसे गेले, त्रास राहिला.

मग नेटकन्सोल लावला. हे कर्नलचं मॉड्यूल आपले संदेश डिस्कवर न लिहिता यूडीपीने दुसऱ्या संगणकाकडे पाठवतं. पाठवणाऱ्याचा आयपी आणि नेटवर्क कार्ड, घेणाऱ्याचा आयपी आणि मॅक पत्ता एवढं द्यावं लागतं, पोर्ट दिला नाही तर घेणाऱ्याकडे ६६६६ धरला जातो. घेणारा दुसऱ्या नेटवर्कात असेल तर मॅक पत्ता गेटवेचा द्या. आणि कन्सोलची संदेश-पातळी वाढवायला विसरू नका (डीमेसेजला उणे एन आणि ८), नाहीतर महत्त्वाच्या ओळी गाळल्या जातील. पलीकडे आरसिसलॉग किंवा साधा नेटकॅट पुरतो. कार्यालयातला एक जुना डेस्कटॉप या कामाला ठेवला. सर्व्हरला सिरियल कन्सोल किंवा रिमोट मॅनेजमेंटची सोय असेल तर तेही चालेल. मुद्दा एवढाच की साक्षीदार त्याच कार्डावर अवलंबून नको.

मेच्या पहिल्या रविवारी पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी साक्ष मिळाली. पहिली ओळ कार्डाच्या ड्रायव्हरची होती: कंट्रोलर फॉल्ट अवस्थेत. मग त्याने डायग्नॉस्टिक रीसेट करून पाहिला, तो फसला. काही सेकंदांत आठही डिस्क आणि एसएसडी ऑफलाइन. त्यानंतर रेडची ओळ, एकामागून एक डिस्क फेल. मग एक्सएफएस. सर्वांत शेवटी एक्स्ट४. पडद्यावर मला नेहमी ही शेवटची पंधरा-वीस वाक्यंच दिसत होती, कारण आधीची वर सरकून गेलेली असत. नेटकन्सोल लावल्यावर खालून वर नव्हे, वरून खाली वाचा. पहिली वेगळी ओळ कुठली, तिच्याशी तुमचं काम.

किती डिस्क गेल्या, ते मोजा

साक्ष हाती आली की माझा पहिला प्रश्न हाच असतो. एकच डिस्क, ठरावीक सेक्टर क्रमांकासह त्रुटी देते आहे? मग ती डिस्कच. स्मार्ट नोंदी दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी पाहा: बदललेले, प्रलंबित आणि न वाचता आलेले सेक्टर. एकच डिस्क, पण नोंद १९९ वाढते आहे? तो डिस्क आणि कंट्रोलर यांच्या वाटेत झालेल्या सीआरसी चुकांचा आकडा आहे, तेव्हा आधी केबल बदला. हा आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही. तो वाढायचा थांबला का, तेवढं पाहायचं.

चार डिस्क एकदम गेल्या आणि त्या चारही एकाच जाड केबलवर किंवा एकाच बॅकप्लेनवर (डिस्क खोचायच्या पाटीवर) असतील, तर ती केबल, तो बॅकप्लेन किंवा त्याला जाणारी वीज. सगळ्याच गेल्या तर कार्ड, त्याचा पीसीआय-एक्सप्रेस स्लॉट किंवा पॉवर सप्लाय.

एक प्रकार या मोजणीत फसवतो. स्वस्तातल्या डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी मिनिट-दोन मिनिटं धडपडत राहतात. लिनक्स मात्र डिस्कच्या उत्तराची वाट डीफॉल्टनुसार ३० सेकंदच पाहतो. मग तो लिंक रीसेट करतो, डिस्क तोपर्यंत भानावर नसते, आणि एका सेक्टरपायी रेड अख्खी डिस्क बाहेर फेकते. डिस्कला स्मार्टसीटीएलच्या एससीटी-ईआरसी पर्यायाने ‘सात सेकंदांत आटप’ असं सांगता येतं, तिथे आकडा ७० देतात, कारण एकक सेकंदाच्या दहाव्या भागाचं आहे. डिस्कला ते समजत नसेल तर उलट कर्नलची मुदत १८० सेकंदांपर्यंत वाढवा. दोन्ही गोष्टी रीस्टार्टनंतर पुसल्या जाऊ शकतात, म्हणून बूटच्या वेळी पुन्हा लागू होतील अशी सोय करा.

एनव्हीएमईवरही (थेट पीसीआयला जोडलेल्या एसएसडीवर) असाच एक फसवा प्रकार आहे. कंट्रोलर डाउन झाला, रीसेट करतोय आणि स्थितीच्या जागी सगळे एफच एफ. म्हणजे पीसीआयवर विचारलं आणि पलीकडून काहीच आलं नाही. फेकून देण्याआधी वीज वाचवण्याच्या खोल अवस्था बंद करून पाहा. एनव्हीएमई-कोरच्या मॉड्यूलला कमाल विलंब शून्य द्यायचा आणि गरज पडली तर पीसीआयचं एएसपीएमही (तिथली वीज वाचवण्याची सोय) बंद करायचं.

कधी पडतो, हा प्रश्न

मला उत्तर मिळालं ते कॅलेंडरमधून. मार्च, एप्रिल, मे, तिन्ही वेळा महिन्याचा पहिला रविवार. लॉगमधली शेवटची ओळ हीच मृत्यूची वेळ मानली, तर मार्चमध्ये दुपारी दोन, एप्रिलमध्ये सकाळी साडेनऊ आणि मेमध्ये पहाटे ३:४०.

पहिला रविवार म्हणजे काय, ते डेबियन वापरणाऱ्यांनी ओळखलं असेल. लिनक्सची रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएम पॅकेजच्या क्रॉन फाइलमध्ये (ठरल्या वेळी करायच्या कामांच्या यादीत) अनेक वर्षांपासून एक नोंद असते: रविवारी ००:५७ वाजता, तारीख ७ किंवा त्याआधीची असेल तर, रेडची संपूर्ण तपासणी सुरू कर. नव्या रचनेत हेच काम सिस्टमडीचा टायमर करतो. रेड हॅटच्या घराण्यात ती तपासणी आठवड्याला असते. हार्डवेअर रेड कार्डांत पॅट्रोल रीड (म्हणजे गस्त) नावाची अशीच फेरी असते. तुमचा सर्व्हर ठरावीक वारी, ठरावीक वेळी पडत असेल तर क्रॉन, सिस्टमडीचे टायमर आणि कार्डाचं स्वतःचं वेळापत्रक, तिन्ही समोर मांडून बसा.

८ टीबीची डिस्क सरासरी सेकंदाला १५० एमबी वेगाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला जवळपास १५ तास लागतात. म्हणजे मध्यरात्रीनंतर एकपासून रविवार दुपारी चारपर्यंत आठही डिस्क एकाच वेळी, एकाच कार्डातून, अखंड. एरवी आमच्या सर्व्हरला एवढं काम कधीच नसतं. स्कॅन केलेली कागदपत्रं ठेवायची आणि रात्री अर्धा तास बॅकअप, बस.

पण मग जानेवारी-फेब्रुवारीत का नाही पडला? आणि वेळ दर महिन्याला अलीकडे का सरकतेय? शिपायाशी बोलताना उलगडलं. शनिवारी संध्याकाळी कार्यालय बंद करताना मुख्य स्विच खाली करतात. सर्व्हर यूपीएसच्या वेगळ्या लाइनवर, एसी मात्र त्या स्विचवर. उन्हाळ्यात सोलापूर चाळिशी पार करतं, आणि खिडक्या बंद असलेली ती खोली रात्रीही निवत नाही. मार्चमध्ये दुपारपर्यंत दम धरणारं कार्ड मेमध्ये तीन तासही टिकेना.

या एसएएस कार्डांच्या चिपवर छोटा हीटसिंक असतो, पंखा नसतो. ती रॅकमधल्या सर्व्हरसाठी बनवलेली आहेत, जिथे समोरून जोराचा वारा सतत वाहतो. माहितीपत्रकात मिनिटाला २०० फूट वेगाचा वारा मागितलेला सापडतो. आमच्या टॉवर कॅबिनेटमध्ये कार्ड सगळ्यात खालच्या स्लॉटमध्ये, ग्राफिक्स कार्डाच्या सावलीत, जिथे वारा जवळपास पोचतच नाही. हे कार्ड तिथे मीच बसवलं होतं. दोष कार्डाचा नव्हता.

अंदाज बरोबर वाटला तरी तो सिद्ध केल्याशिवाय सुटका नाही, कारण दोनदा मी असाच खात्रीने चुकलो होतो. आधी सगळा डेटा दुसरीकडे उतरवला, एक्सएफएस अनमाउंट केली, मल्टिमीटरचा तापमान मोजणारा प्रोब हीटसिंकला चिकटवला. मग सिसएफएसमध्ये रेडच्या सिंक-अ‍ॅक्शन फाइलीत ‘चेक’ हा शब्द लिहून तपासणी हाताने सुरू केली. एसी बंद, कॅबिनेट बंद: दोन तास दहा मिनिटांत कार्ड फॉल्टमध्ये, हीटसिंक ९४ अंश. थंड होऊ दिलं. फक्त एकच गोष्ट बदलली, कॅबिनेटची बाजू उघडून टेबलफॅन कार्डावर लावला. एसी बंदच. पंधरा तासांची तपासणी पूर्ण झाली, तापमान ५८ च्या वर गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पंखा काढला, पुन्हा पडला. तेव्हा विश्वास ठेवला.

पडल्यावर काय करायचं, काय नाही

आता मार्चची चूक. रीस्टार्टनंतर मी माउंट करून न पाहता थेट एक्सएफएस-रिपेअर चालवलं. त्याने सांगितलं की जर्नलमध्ये न लागू झालेल्या नोंदी आहेत, आधी माउंट कर. मी घाईत कॅपिटल एलचा पर्याय दिला. त्याने जर्नल शून्य होतो. ज्या नोंदी नुसत्या माउंटने आपोआप लागू झाल्या असत्या त्या मी फेकल्या, आणि शुक्रवार-शनिवारच्या कामाचा काही भाग लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाने सापडला, काही सापडलाच नाही. ज्यांनी ते स्कॅनिंग दोन दिवस बसून केलं होतं त्यांना मला जाऊन सांगावं लागलं.

म्हणून क्रम असा ठेवा. हार्डवेअर स्थिर होईपर्यंत डिस्कवर लिहिणारं कोणतंही दुरुस्ती-साधन चालवू नका. ज्या कंट्रोलरचा भरवसा नाही त्याच्यातून एफएससीके (फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवणं म्हणजे थरथरत्या हाताने टाके घालणं. यंत्र पूर्ण बंद करून वीज काढा, कार्डाला खरा रीसेट मिळू द्या. वर आल्यावर रेड स्वतःहून जुळली नाही तर एमडीएडीएमच्या एग्झॅमिनने प्रत्येक डिस्कचा इव्हेंट्स आकडा लिहून काढा, कागदावर. सगळ्या एकाच झटक्यात गेलेल्या असल्या तर आकडे एकमेकांच्या अगदी जवळ असतात, आणि असेंबलला फोर्स दिला की रेड उभी राहते. आकडे खूप लांब असतील तर थांबा, मागे पडलेली डिस्क जबरदस्तीने आत घेऊ नका. आणि क्रिएट हा आदेश तर नकोच. जुना रेड परत आणण्यासाठी तो सुचवणारे सल्ले जागोजागी आहेत. डिस्कचा क्रम किंवा चंक (एका डिस्कवर सलग लिहायच्या तुकड्याचा आकार) चुकला तर त्यातून सावरणं फार कठीण.

रेड उभी राहिली की एक्सएफएस एकदा माउंट होऊ द्या, जर्नल लागू होईल. मग अनमाउंट करून एक्सएफएस-रिपेअर लहान एनच्या पर्यायाने, म्हणजे फक्त वाचून, चालवा. काही निघालं तरच पुढचा विचार, तोही प्रत घेतल्यावर. एखादी डिस्क खरंच मरते आहे असं वाटलं तर आधी डीडीरेस्क्यूने तिची प्रत आणि सगळे प्रयोग प्रतीवर.

वर डेटाबेस चालत असेल तर आय/ओ त्रुटीनंतर तो ‘अजून चालतोय’ म्हणून तसाच ठेवू नका. एफसिंक (‘हे डिस्कवर नक्की लिही’ हा आदेश) एकदा अयशस्वी झाल्यावर पुन्हा बोलावला की लिनक्स यश कळवू शकतो, आणि न लिहिलेलं पान हरवलेलं असतं. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांच्या हे ध्यानात आलं, आणि २०१९ च्या ११.२ आवृत्तीपासून पोस्टग्रेस अशा वेळी मुद्दाम पॅनिक करून जर्नलमधून सावरतो.

जेव्हा हवा, वीज, केबल सगळं ठीक असतं

मग फर्मवेअर आणि कर्नल. एचपीईने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं होतं की काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर निकामी होतील, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. हा आकडा २ चा १५ वा घात आहे, यावरूनच दोष कुठल्या जातीचा ते कळतं. एकाच दिवशी चालू केलेल्या डिस्क एकाच दिवशी मरतात, तिथे रेडचा काही उपयोग नाही. इलाज नवं फर्मवेअर, पण वेळेआधी. स्मार्टमधले चालू तास पाहण्याची सवय यासाठी लावून घ्या.

२०१८ च्या शेवटी कर्नल ४.१९ वर लोकांच्या एक्स्ट४ फाइलसिस्टीम बिघडत होत्या आणि कित्येक दिवस संशय एक्स्ट४ वर होता. दोष निघाला तो तिच्या खालच्या, डिस्ककडे मागण्या पोचवणाऱ्या ब्लॉक लेयरमध्ये, मल्टिक्यूच्या कोडमध्ये. डिसेंबरमध्ये ४.१९.८ ने तो दुरुस्त झाला. कर्नल बदलल्यावर त्रास सुरू झाला असेल तर जुना कर्नल ग्रबमधून (यंत्र सुरू होताना येणाऱ्या यादीतून) चालवून पाहणं हा सगळ्यात स्वस्त प्रयोग आहे.

आम्ही काय केलं

कार्डासमोर ९२ मिलिमीटरचा पंखा कंसावर बसवला. ग्राफिक्स कार्ड काढून टाकलं, त्याची गरजच नव्हती. सिस्टीमची एसएसडी मदरबोर्डच्या साटा पोर्टवर नेली, म्हणजे यापुढे कार्ड गेलं तरी लॉग लिहिले जातील. एसीची लाइन त्या मुख्य स्विचवरून वेगळी करून घेतली. नेटकन्सोल तसाच ठेवला.

एका परिचिताने मासिक तपासणीच बंद करायला सुचवलं होतं. ते मी ऐकलं नाही. तपासणी वर्षभर बंद ठेवली असती तर सर्व्हर पडला नसता, पण एक डिस्क गेल्यावर पुनर्बांधणी करावी लागली असती, आणि तीही तशीच पंधरा तासांची, त्याच तापलेल्या कार्डातून, रेड अर्धी असताना. वेग हवा तर कमी करा: रेडच्या कमाल वेगाची मर्यादा डीफॉल्टनुसार सेकंदाला २,००,००० केबी असते, ती खाली आणता येते. मी वेगाला हात लावला नाही, वेळ फक्त शुक्रवार रात्रीवर नेली, म्हणजे शनिवारी कोणीतरी कार्यालयात असतं.

जूनची तपासणी पूर्ण झाली, मिसमॅच आकडा, म्हणजे डिस्कवरचं एकमेकांशी न जुळलेलं, शून्य. हा आकडा रेड ६ वर शून्यच हवा. रेड १ वर स्वॅप असेल तर थोडा दिसू शकतो. पंख्याची तार मदरबोर्डच्या अशा जागी लावली आहे जिथे फेऱ्या मोजल्या जातात, आणि फेऱ्या हजाराखाली गेल्या की माझ्या फोनवर संदेश येतो. जुलैत तो एकदा आला होता. पात्यांत धूळ भरली होती, ब्रशने झाडली.